संगणक जात विचारत नाही, पण खुर्ची कोणाला मिळते?

"संगणक जात विचारत नाही" हे वाक्य आपल्याकडे फार ऐकायला मिळते. आरक्षणाचा विषय निघाला की हमखास. ज्याच्याकडे बुद्धी आहे तो प्रोग्राम लिहील, नाही तो लिहिणार नाही, यात जात आणता कशाला, असा त्याचा रोख असतो. यंत्र जात विचारत नाही हे खरेच आहे. पण यंत्रासमोरच्या खुर्चीत कोण बसणार, हे यंत्र ठरवत नाही. ते समाज ठरवतो, आणि यंत्र सुरू होण्याच्या कितीतरी आधी ठरवतो. संगणकात पारंगत झालेल्या माणसांचा इतिहास पाहिला तर हे स्पष्ट दिसते.

मुळात 'कॉम्प्युटर' हे एके काळी माणसाच्या हुद्द्याचे नाव होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात लँग्ली येथे विमान संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा होती. तिथे चाचण्यांची आकडेमोड करणाऱ्या स्त्रियांना कॉम्प्युटर म्हणत. या कामाचे दार काळ्या स्त्रियांना बंद होते. १९४१ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ या काळ्या कामगार नेत्याने वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला. त्या दबावाखाली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ८८०२ काढला आणि संरक्षण उद्योगातील नोकऱ्यांत वंशावरून भेदभाव करण्यास बंदी घातली. युद्धामुळे माणसांची गरजही होती. या दोन कारणांनी दार उघडले, आणि डिसेंबर १९४३ मध्ये डोरोथी वॉन या गणिताच्या शाळाशिक्षिका त्या दारातून आत गेल्या.

आत गेल्यावर काय दिसले? काळ्या स्त्रियांचा विभाग वेगळा, जेवणाचे टेबल वेगळे, स्वच्छतागृह वेगळे. वेगळा पाणवठा पाहिलेल्या समाजाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. तरीही वॉन १९४९ मध्ये त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. त्या संस्थेतील त्या पहिल्या काळ्या पर्यवेक्षक.

मग खरे यंत्र आले. १९५७ मध्ये आयबीएम कंपनीने फोर्ट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा आणली. हाताने आकडेमोड करणाऱ्यांचे काम जाणार हे वॉन यांनी ओळखले. त्या फोर्ट्रान शिकल्या आणि सोबतच्या स्त्रियांनाही त्यांनी ती शिकवली. १९५८ मध्ये नासा स्थापन झाली, वेगळा विभाग बंद झाला आणि वॉन नव्या संगणक विभागात गेल्या. स्काउट रॉकेटच्या कामात त्यांचा वाटा आहे. पण १९७१ मध्ये निवृत्त होईपर्यंत पर्यवेक्षकाचे पद त्यांना पुन्हा मिळाले नाही. कौशल्य मान्य झाले, अधिकार मात्र नाकारला गेला. आपल्यातल्या किती अधिकाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल!

आता दुसरी खुर्ची पाहू. सिएटल शहरातील लेकसाइड ही श्रीमंतांची खाजगी शाळा. १९६८ मध्ये तिथल्या मातांच्या मंडळाने जुन्या वस्तू विकून पैसे जमवले आणि शाळेला टेलिटाइप टर्मिनल व दूरच्या संगणकावरचा वेळ घेऊन दिला. त्यावर बसणाऱ्या मुलांत तेरा वर्षांचा बिल गेट्स होता. पुढे एका कंपनीने या मुलांना चुका शोधून देण्याच्या बदल्यात संगणक फुकट वापरू दिला. १९७५ मध्ये मायक्रोसॉफ्ट सुरू झाली. गेट्स यांची मेहनत खोटी नाही. पण मेहनत करायला यंत्र हवे, आणि ते त्यांना ज्या वयात मिळाले त्या वयात लाखो हुशार मुलांनी ते चित्रातही पाहिले नव्हते. लेकसाइड नसती तर मायक्रोसॉफ्टही नसती, हे गेट्स स्वतः सांगतात. आपल्याकडचे 'मेरिट'वाले एवढेही सांगत नाहीत.

कारण आपल्याकडचा हिशेबही तसाच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा देशी संगणक चालू झाला. १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० आला आणि विद्यार्थी प्रोग्रामिंग शिकू लागले. नारायण मूर्ती याच संस्थेतून १९६९ मध्ये एम.टेक. झाले आणि १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस उभी राहिली. आणि आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा कधी मिळाल्या? १९७३ मध्ये. संविधान लागू होऊन २३ वर्षांनी, कानपूरला यंत्र आल्यानंतर दहा वर्षांनी. पहिली पिढी तयार होत असताना आपल्या मुलांना त्या दारातून हक्काने आत जाता येत नव्हते. मग तीच पिढी गुरू झाली, मालक झाली, मुलाखती घेऊ लागली. मागून आलेल्याला 'तुमच्यात गुणवत्ता नाही' असे ऐकवले गेले. ज्या सिएटलमध्ये गेट्स संगणक शिकले, त्याच शहराला २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. संगणक जात विचारत नसेल, पण संगणकवाले विचारतात.

आजची स्थिती काय? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत ग्रामीण भागातील १०० पैकी सुमारे ४ घरांत संगणक होता, शहरांत सुमारे २३ घरांत. मोबाइल हातात आला म्हणून ही दरी बुजली असे समजू नये. मोबाइलवर बघणे आणि संगणकावर घडवणे यात फार अंतर आहे. आपली मुले एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र घेतात, कारण सरकारी नोकरीच्या अर्जाला ते लागते. ते जरूर घ्यावे. पण ती अक्षरओळख आहे, विद्या नव्हे. डेटा एंट्रीची खुर्ची आपल्याला आणि प्रोग्राम लिहिण्याची खुर्ची त्यांना, ही जुनी श्रमिकांची विभागणीच नव्या कपड्यात आली आहे. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले, ते नुसते कारकून तयार करण्यासाठी नव्हे.

इतिहासातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, कौशल्याच्या आधी हक्क येतो. रँडॉल्फचा इशारा नसता तर वॉन शाळेतच राहिल्या असत्या. म्हणून सरकारी शाळेत चालू संगणक, वसतिगृहात इंटरनेट आणि भरलेल्या राखीव जागा यांसाठीची लढाई सोडायची नाही. दुसरी, एकट्याने आत जाऊन भागत नाही. वॉन शिकल्या आणि त्यांनी शिकवले. आज पुण्या-बंगळुरूत आपले कितीतरी तरुण प्रोग्रामर आहेत. त्यांनी महिन्यातले दोन रविवार वस्तीला द्यावेत. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवसाचा खर्च वाचवला तरी विहाराला किंवा समाजमंदिराला जुने दोन-तीन संगणक घेता येतील. लेकसाइडच्या आयांनी जुन्या वस्तू विकून जे केले, ते आपल्या आयाबहिणींचे बचत गट का करू शकणार नाहीत?

त्यांच्या मुलांना जे तास मिळाले, तेच तास आपल्या मुलांना मिळवून द्या. मग गुणवत्तेची चर्चा खुशाल करू.

जय भीम!