‘क फे व्होत्र पॅर?’ : फ्रेंचमधून कामधंद्याबद्दल बोलताना

आपल्या घरांतूनही मुलं अकरावी-बारावीला फ्रेंच घेतात. बहुतेकांचं कारण गुणांचं असतं, हे आपण मान्य करून टाकू. लेखी पेपर निघून जातो. गाडी अडते ती तोंडी परीक्षेत. सुट्टीच्या दिवशी आम्ही मोहल्ल्यातल्या काही मुलांचा सराव घेतो. तिथे एका मुलीला आम्ही नेहमीचा प्रश्न विचारला, ‘क फे व्होत्र पॅर?’ म्हणजे तुमचे वडील काय करतात? तिने पटकन उत्तर दिलं, ‘ऑम दाफॅर’. बिझनेसमन. आम्ही पुढे विचारलं, कसला बिझनेस? पोर गप्प. तिचे अब्बा तेव्हा खाली रिक्षा लावून तिचीच वाट बघत होते.

मुलीला दोष देत नाही. पाठ्यपुस्तकात डॉक्टर, वकील, इंजिनिअर असतात. रिक्षावाला, वेल्डर, खाटीक, यंत्रमागावरचा कामगार सहसा नसतो. जो शब्द शिकवलाच नाही तो ती कुठून आणणार? म्हणून हा लेख.

आधी प्रश्न समजून घेऊ. माणसाचं काम विचारायचं तर फ्रेंच लोक म्हणतात, ‘केस क वू फेत दाँ ला व्ही?’ शब्दशः ‘तुम्ही आयुष्यात काय करता?’ घाबरू नका, प्रश्न फक्त नोकरी-धंद्याचा आहे. यातलं ‘वू’ म्हणजे आपलं ‘आप’ किंवा ‘तुम्ही’, आणि ‘त्यु’ म्हणजे ‘तू’. अनोळखी माणसाला, साहेबाला, परीक्षकाला ‘वू’च म्हणायचं. उर्दू-मराठी घरातल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’ असल्यामुळे फक्त इंग्रजीतून विचार करणारी मुलं इथे घसरतात.

उत्तरातही आपलाच फायदा आहे. इंग्रजीत ‘आय अ‍ॅम अ टीचर’ म्हणतात, मध्ये ‘अ’ लागतो. फ्रेंचमध्ये थेट ‘ज स्वी प्रोफेसर’, जसं आपण ‘मी शिक्षक आहे’ म्हणतो. ‘एक’ लावायचा नाही. मात्र विशेषण आलं की ‘एक’ परत येतो: ‘ज स्वी अँ बों प्रोफेसर’, मी एक चांगला शिक्षक आहे. ‘से’ने सुरुवात केली तरीही तो लागतो: ‘सेत अँ प्रोफेसर’, हे शिक्षक आहेत. एवढं पाठ असलं तरी निम्मी लढाई जिंकली.

उच्चाराबद्दल थोडं. फ्रेंच ‘र’ घशातून येतो, आणि क्लासमध्ये मुलं तो काढता काढता खोकत बसतात. आपल्या मुलांना आम्ही सांगतो, मकतबमध्ये उस्तादांनी ‘ग़ैन’ काढायला शिकवला होता ना, त्याच्याच शेजारी हा ‘र’ राहतो. तसंच ‘बों’, ‘पँ’, ‘अँ’ हे नाकातले स्वर. उर्दूचा नून-ए-गुन्ना ज्याला येतो त्याला ते जड जात नाहीत. देवनागरीत लिहिलेले उच्चार मात्र अंदाजापुरतेच समजा, कान तयार करायला ऐकावंच लागेल.

आता ‘काम’ या शब्दाकडे. फ्रेंचमध्ये त्याला पाच-सहा शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘त्राव्हाय’ हा सर्वसाधारण शब्द, काम. ‘आँप्ल्वा’ म्हणजे रोजगार, सरकारी कागदावरचा. ‘पोस्त’ म्हणजे पद, जागा. ‘बुलो’ हा बोलीतला, मित्रांत वापरायचा. परीक्षकासमोर तो नको. आणि ‘मेत्ये’ म्हणजे हुन्नर, पेशा, हाताला अवगत असलेलं काम. शिंप्याचं, सुताराचं, डॉक्टरचंही ‘मेत्ये’च. त्यांची एक म्हण आहे, ‘इल न्या पा द सो मेत्ये’, कुठलाच पेशा मूर्खाचा नसतो. पोट भरण्याला ‘गान्ये सा व्ही’ म्हणतात, आयुष्य कमावणं. रोजी-रोटीच्या साधनाला ‘गान्य-पँ’ असा शब्द आहे, ज्याने भाकर कमावता येते ते. यातला ‘पँ’ म्हणजे ब्रेड. आपला ‘पाव’ पोर्तुगीजांकडून आला. ‘पँ’ आणि ‘पाव’ दोघांचं मूळ लॅटिनमध्ये, म्हणजे एकाच आजीची नातवंडं.

आपल्या गल्लीतले पेशे घ्या. खाटीक ‘बुशे’, पाववाला ‘बुलाँजे’, सुतार ‘मनुइझिए’, वेल्डर ‘सुदर’, गवंडी ‘मासों’, मेकॅनिक ‘मेकानिस्याँ’, विणकर ‘तिसराँ’. ड्रायव्हर म्हणजे ‘शोफर’. मूळ अर्थ तापवणारा, वाफेच्या इंजिनाची भट्टी सांभाळणारा. तेव्हा त्या मुलीचं वाक्य सरळ आहे: ‘मों पॅर ए शोफर द रिक्षा’. मालेगाव-भिवंडीच्या मुलांना अजून एक गोष्ट सांगतो. मागावर नक्षी काढणारं जे जकार्ड आहे ते जोसेफ-मारी जाकार या फ्रान्सच्या लियों शहरातल्या माणसाच्या नावावरून. 1804 च्या सुमाराचं हे यंत्र. त्याच लियोंच्या रेशीम विणकरांना ‘कान्यु’ म्हणत. मजुरीच्या दरासाठी त्यांनी 1831 मध्ये उठाव केला, 1834 मध्ये पुन्हा. विणकराचा मुलगा फ्रेंच परीक्षेत या विषयावर परीक्षकापेक्षा जास्त बोलू शकेल.

बायकांच्या कामाची नावं हा वेगळा विषय. मराठीत शिक्षक-शिक्षिका, तसं तिथे ‘अँफिर्म्ये’ आणि ‘अँफिर्म्येर’, म्हणजे पुरुष नर्स आणि स्त्री नर्स. पण कित्येक मोठ्या पदांना स्त्रीलिंगी रूप द्यायला फ्रेंच अकादमी अनेक वर्षं तयार नव्हती. 2019 मध्ये तिने ते मान्य केलं. लोकांच्या मनातला फरक मात्र शब्दात शिल्लक आहे. ‘कुत्युरिए’ म्हटलं की डोळ्यासमोर पॅरिसचा नामांकित फॅशनवाला येतो, ‘कुत्युरिएर’ म्हटलं की मशीनवर बसलेली शिवणकाम करणारी बाई. उलटा प्रकारही आहे. सुईणीला ‘साज-फाम’ म्हणतात, शहाणी बाई. 1982 पासून हे काम पुरुषांनाही खुलं झालं, तरी त्यांनाही ‘साज-फाम’च म्हणतात.

आणि अम्मी? मुलं सरळ ‘मॅर ओ फ्वाये’ म्हणून मोकळी होतात. ‘फ्वाये’ म्हणजे चूल, घर. पण अम्मी दुपारी बसून ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, त्याचे पैसे घरात येतात, तर ते सांगायला नको का? ‘एल फे द ला कुत्युर आ दोमिसिल’, ती घरून शिवणकाम करते. हे वाक्य आम्ही प्रत्येक मुलाकडून दहा वेळा म्हणवून घेतो.

फसवे शब्द खूप आहेत. ‘स्ताज’ म्हणजे रंगमंच नव्हे, प्रशिक्षणार्थी म्हणून केलेलं काम. ‘शेफ’ म्हणजे फक्त आचारी नव्हे, कुठल्याही ऑफिसचा साहेब. ‘पात्रों’ म्हणजे मालक. ‘ब्युरो’ म्हणजे ऑफिसही आणि टेबलही. ‘मेदसँ’ हे औषध नव्हे, डॉक्टर. ‘कोलेज’ आपलं कॉलेज नाही, ती साधारण 11 ते 15 वयाच्या मुलांची शाळा आहे, आणि तिथल्या शिक्षकालाही ‘प्रोफेसर’ म्हणतात. म्हणजे आमच्यासारखे शाळामास्तर तिकडे फुकटात प्रोफेसर!

पुढे खरंच तिकडे शिकायला-नोकरीला जाणाऱ्यांनी करारावरचे शब्द ओळखावेत. ‘से दे ई’ हा बेमुदत करार, आपल्या भाषेत पर्मनंट. ‘से दे दे’ हा मुदतीचा. घर भाड्याने घ्यायचं असो की कर्ज, पहिला प्रश्न यावरच येतो. पगार सांगताना ‘ब्र्युत’ की ‘नेत’ ते विचारून घ्या. ‘ब्र्युत’मधून कपात होऊन हातात ‘नेत’ पडतो. कायद्याने आठवडा 35 तासांचा, त्यापुढचे तास जादा धरतात. पगारी सुट्टीला ‘कोंजे पेये’ म्हणतात. 1936 मध्ये ती दोन आठवडे मिळाली, 1982 पासून पाच. सरकारी नोकरीत, सरकारी शाळेतल्या शिक्षिकेलाही, कामावर हिजाब किंवा कुठलंही धार्मिक चिन्ह चालत नाही, हे मुलींनी आधीच माहीत करून घ्यावं. मुलाखतीत मात्र मालकाने कामाशी संबंधित तेवढंच विचारायचं असतं; धर्मावरून उमेदवार नाकारणं तिथे बेकायदा आहे.

बेकारीला ‘शोमाज’ म्हणतात. मुळात तो शब्द भर उन्हात काम थांबवून विसावा घेण्याचा. संपाला ‘ग्रेव्ह’. पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठी ग्रेव्ह नावाचा चौक होता. काम शोधणारे मजूर सकाळी तिथे येऊन उभे राहत. अगदी आपला मजूर नाका! नाक्यावर उभं राहण्याचा शब्द पुढे काम बंद ठेवण्याचा झाला. चौकाचं नाव 1803 मध्ये बदललं, शब्द टिकला.

त्या मुलीचा सराव पुढच्या रविवारी पुन्हा घेतला. ‘मों पॅर ए शोफर द रिक्षा’, ती म्हणाली, जरा हळू आवाजात. आम्ही विचारलं, ते कामाला कधी निघतात? ‘आ सँक अर द्यु मातँ.’ पहाटे पाचला. एवढं आम्ही शिकवलं होतं. मग तिने स्वतःच मोबाईलवर शोधून आणलेले शब्द जोडले, ‘आप्रे ला प्रियेर द लोब’, फज्रच्या नमाजनंतर. आणि आवाज आता हळू नव्हता.