प्रोस्टेट, रेडिएशन आणि डोळ्यांचा प्रश्न

"एकदा रेडिएशन झालं की त्याच जागी पुन्हा देता येत नाही." प्रोस्टेटचा कॅन्सर उलटला की घरात हे वाक्य ऐकू येतंच. ते खोटं नाही, पण आता पूर्वीइतकं खरंही राहिलेलं नाही. का, ते समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

रेडियमचा शोध १८९८चा. नंतर पंधरा-वीस वर्षांतच पॅरिसमध्ये पास्तो आणि देग्रे हे डॉक्टर मूत्रनळीतून रेडियम प्रोस्टेटपर्यंत पोचवत होते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलात बेंजामिन बॅरिंजर रेडियमच्या सुया थेट ग्रंथीत खुपसत. सुई कुठे चाललीय हे कळायचं कसं? गुदाशयात घातलेल्या बोटाने! म्हणजे औषध हाताशी होतं, नजर नव्हती.

१९७०च्या दशकात त्याच परंपरेतले विलेट व्हिटमोर पोट उघडून आयोडीन-१२५चे तांदळाएवढे दाणे पेरू लागले. या दाण्यांचा मारा जवळच पडतो आणि साधारण ६० दिवसांत निम्म्यावर येतो. कल्पना उत्तम, पण पेरणी अंदाजाने. कुठे दाण्यांची गर्दी, कुठे कोरडी जागा, आणि कोरड्या जागी आजार शिल्लक. पद्धत बदनाम झाली.

खरं वळण आलं १९८३ साली. कोपनहेगनच्या हान्स हेन्रिक होल्म यांनी गुदाशयातून सोनोग्राफी करत, सुई पडद्यावर बघत दाणे ठेवले. दोनच वर्षांत सिएटलमध्ये हे सुरू झालं आणि जगभर गेलं. माझ्या मते या गोष्टीत रेडियमपेक्षा तो पडदा मोठा.

तरी डोस पूर्ण ग्रंथीलाच मिळायचा. वर मूत्राशय, मागे गुदाशय. दोघांनी एकदा मार खाल्लेला. म्हणून दुसऱ्यांदा द्यायला डॉक्टर धजत नसत, आणि ते बरोबरच होतं. अमेरिकेतल्या एका चाचणीत दुसऱ्यांदा पूर्ण ग्रंथीत दाणे ठेवले, तेव्हा सुमारे १४ टक्के रुग्णांना पुढे लघवीचा किंवा शौचाचा गंभीर त्रास झाला.

आता रेडिएशननंतर पीएसए नीचांकापेक्षा २ने वर गेला की एमआरआय आणि पीएसएमए पेट स्कॅन करून आजार नेमका कुठे उलटला ते शोधता येतं. हाडांत, लसिकाग्रंथींत काही नाही, प्रोस्टेटमध्येच एक ठिपका आहे आणि बायोप्सीत तो कॅन्सरच निघाला, तर तेवढ्याच तुकड्याला डोस देतात. एमआरआयचं चित्र चालू सोनोग्राफीवर बसवतात आणि सुई तिथेच नेतात. त्रास कमी व्हावा अशी अपेक्षा रास्त आहे. मात्र दीर्घकाळच्या मोठ्या चाचण्या अजून व्हायच्यात. हा चमत्कार नाही, आणि सगळ्यांसाठी तर नाहीच.

पण आपल्याकडे बहुतेकांना हा पर्याय आहे हेच सांगितलं जात नाही. थेट हार्मोनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. त्याने आजार दबतो, पण हाडं ठिसूळ होतात, अंगात वाफा येतात, माणूस खचतो. स्कॅन मुंबई-पुण्यात होतो, स्वस्त नाही. जिल्ह्याच्या गावाहून येणाऱ्याला भाडं, मुक्काम वेगळाच.

ज्यांच्या घरी हा आजार होऊन गेलाय त्यांनी एक करा: पहिल्या रेडिएशनचा पूर्ण प्लॅन रुग्णालयातून आत्ताच मागून घ्या. किती डोस, किती दिवसांत, कोणत्या भागाला. दुसऱ्यांदा काही करायचं तर डॉक्टर आधी तोच मागतील, आणि डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीने त्यांचं काम भागत नाही.