कापसाच्या वाटेने आलेला पाहुणचार

वऱ्हाडात घरी पाहुणा आला की आधी पाण्याचा गडू पुढे होतो आणि पाठोपाठ चुलीवर किंवा गॅसवर चहाचे आधण चढते. अकोल्यातला अडत्या असो, अमरावतीचा मास्तर असो की दर्यापूरकडचा कास्तकार, ‘कसं येणं केलं?’ हा प्रश्न कपबशी हातात दिल्याशिवाय सहसा विचारला जात नाही. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की ती पूर्वापार चालत आली असावी असे वाटते. पण चारपाच पिढ्या मागे गेलो तर खेड्यापाड्यांतल्या घरांत पाहुण्यापुढे गूळपाणी, ताक, दूध किंवा पानसुपारी येत असे. चहा तिथे नव्हता. तो आला चीनमधून, आणि येताना नुसते पान आले नाही. पाहुण्याला आधी गरम पेय देऊन मग बोलायला बसण्याची एक सबंध पद्धतही त्याच्याबरोबर आली. या पद्धतीचा माग काढत आपण सोळाव्या शतकातल्या एका चिनी बंदरापर्यंत जाऊ आणि तिथून वऱ्हाडाकडे परत येऊ.

चीनमध्ये चहा तेव्हाही पुरातनच होता. लू यू नावाच्या गृहस्थाने आठव्या शतकातच चहाची लागवड, पाणी, भांडी आणि पिण्याची रीत यांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहून ठेवला होता. पाश्चात्त्यांना मात्र त्याची नीट ओळख व्हायला आणखी आठशे वर्षे लागली. 1556 मध्ये गास्पार द क्रूझ हा पोर्तुगीज धर्मोपदेशक ग्वांगझौ, म्हणजे कँटन शहरात काही काळ राहिला. परत गेल्यावर त्याने लिहिलेले चीनचे वर्णन 1570 च्या सुमारास पोर्तुगालमध्ये छापले गेले. चिनी माणसे दोन काड्यांनी किती स्वच्छपणे जेवतात, अन्नाला हात कसा लागू देत नाहीत, याचे त्याला मोठे नवल वाटले होते. पण आपल्या मागोव्यासाठी मोलाची आहे ती त्याची दुसरी नोंद. प्रतिष्ठित माणसाच्या घरी कोणीही आले की नेटक्या तबकात, जितकी माणसे तितकी चिनी मातीची भांडी मांडून, किंचित कडवट आणि तांबूस रंगाचे गरम पेय पुढे करतात, असे त्याने लिहिले. पुढे मत्तेओ रिची हा इटालियन पाद्री 1582 मध्ये मकावला उतरला आणि 1610 मध्ये बीजिंगलाच वारला. त्यानेही हेच टिपले की हे पेय नेहमी गरमच घेतात, घोटघोट घेतात, आणि पाहुणा लांबला तर पुन्हापुन्हा देतात. तबक, माणसागणिक भांडे, आल्याबरोबर गरम पेय आणि पाहुणा लांबला तर पुन्हा भांडे, हा सारा सरंजाम इथेच पूर्ण झालेला आपल्याला दिसतो.

हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर हा सरंजाम सुरतेला उतरला. 1638 मध्ये मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी तिथल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या रोजच्या बैठकीत चहा पीत होता. पन्नास वर्षांनी, 1689 मध्ये, जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री सुरतेत आला तेव्हा डच वखारीत चहाची किटली विस्तवावरून क्वचितच उतरे. सुरतेचे वाणी चहात गरम मसाले उकळून डोकेदुखीवर आणि पोटदुखीवर घेत, तर कोणी त्यात खडीसाखर किंवा मुरवलेले लिंबू घालीत, असे त्याने नोंदवले आहे. मसाल्याच्या चहाचे हे सव्वातीनशे वर्षांपूर्वीचे पूर्वरूप. सुरतेहून निघणारा मोठा रस्ता बऱ्हाणपूरला जाई, आणि बऱ्हाणपूरच्या दक्षिणेला बाळापूर हे मोगलांचे वऱ्हाडातले महत्त्वाचे ठाणे होते. मिर्झा राजा जयसिंगाची छत्री आजही बाळापुरात नदीकाठी उभी आहे. तेव्हा अंतर फार नव्हते. पण चहा हे अजून व्यापाऱ्यांचे औषधी आणि महागडे पेय होते. ज्वारी-कापसाच्या शेतकऱ्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

तो संबंध जुळला वेगळ्याच बाजूने, आणि आपल्या इतिहासाचे हेच पान सर्वांत कमी वाचले गेले आहे. अठराव्या शतकात इंग्लंडला चहाचे वेड लागले. 1757 पासून चीनने युरोपीय व्यापाऱ्यांना कँटन हे एकच बंदर मोकळे ठेवले. तिथे परदेशी माणसाला नदीकाठच्या वखारींपलीकडे फिरण्याची मोकळीक नव्हती, पण चिनी सावकार पाहुणचारात हात आखडता घेत नसत. 1769 मध्ये विल्यम हिकी हा तरुण इंग्रज तिथल्या एका बड्या सावकाराच्या मेजवानीला गेला. पहिल्या दिवशी सगळे इंग्रजी पद्धतीचे होते आणि यजमान मंडळी अवघडत सुरी-काटे चालवीत होती. दुसऱ्या दिवशी सगळे चिनी, आणि काड्यांनी घास उचलण्याची कसरत करण्याची पाळी गोऱ्या पाहुण्यांवर आली. पाहुण्याच्या रीतीने एक दिवस आणि आपल्या रीतीने एक दिवस, असा तो तोलून मापून केलेला सत्कार होता. या मेजवान्यांमागे व्यवहार होता तो चहाचा. इंग्रजांना चहा हवा होता, पण चीनला इंग्लंडच्या मालाची फारशी गरज नव्हती. त्याला चालत असे ती चांदी, आणि हिंदुस्थानचा कापूस. म्हणून मुंबई बंदरातून कापसाच्या गाठी कँटनला जाऊ लागल्या. जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या चीनच्या सफरी याच व्यापारासाठी केल्या. पुढे 1820 च्या दशकात अफूने कापसाला मागे टाकले आणि त्या व्यसनापायी चीनला मोठी किंमत मोजावी लागली.

वऱ्हाडचा कापूस तोवर लमाणांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर, सुमारे पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरला जात असे. 1825 च्या सुमारास विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंनी तो मुंबईच्या वाटेला वळवला. मुंबईहून निघणाऱ्या कापसाचा मोठा वाटा त्या वर्षांत चीनलाच जाई. म्हणजे अमरावतीच्या पेठेत गोणीत भरलेला कापूस ज्या बंदरात उतरू लागला, तिथून चहाचे मोल चुकते होत होते. पऱ्हाटी वेचणाऱ्या हातांनी चहाचे पान पाहिलेही नव्हते.

दुसरे वळण 1848 चे. कंपनी सरकारला चहा स्वतःच्या मुलखात पिकवायचा होता. त्यासाठी रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञाला चीनच्या आतल्या भागात धाडले गेले. परक्याला तिकडे मज्जाव असल्याने डोके भादरून, वेणी जोडून, चिनी पोशाखात तो हिंडला. वुयी डोंगरातल्या बौद्ध मठांत त्याला आसरा मिळाला. येताक्षणी चहा, मग भात, मासे, भाज्या आणि प्रत्येक पदार्थासाठी यजमानाचा आग्रह. आपल्याकडच्या पंगतीतला आग्रह ज्याने अनुभवला आहे त्याला हे वर्णन परके वाटणार नाही. त्या मठांतून आणि मळ्यांतून फॉर्च्युनने रोपे, बिया आणि माहिती जमवली, आणि 1851 मध्ये चिनी कारागिरांसह तो कलकत्त्याला पोचला. ज्यांनी विश्वासाने चहा पाजला त्यांच्याच हातची विद्या अशी परदेशी गेली, हे या इतिहासाचे दुखरे अंग आहे. ते विसरून चालणार नाही.

आसामच्या जंगलात रुंद पानाचा चहा मुळातच होता. सिंगफो लोक तो पीत असत, आणि 1823 मध्ये रॉबर्ट ब्रूसला त्याचा पत्ता लागला. 1839 मध्ये आसामचा चहा लंडनच्या लिलावात विकला गेला आणि 1888 पर्यंत इंग्लंडच्या बाजारात हिंदुस्थानी चहाने चिनी चहाला मागे सारले. याच काळात वऱ्हाडही झपाट्याने बदलत होते. 1853 मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवीत कापसाला सोन्याचे मोल आले. 1867 मध्ये अकोला-बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली आणि 1870 मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला. ज्या डब्यांतून गाठी मुंबईला गेल्या, त्याच रुळांवरून पुढे चहाच्या पेट्या आल्या.

पण चहा आला तरी तो कोणाच्या हातचा घ्यायचा, हा प्रश्न उरलाच होता. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. मंडळीत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात फोडली आणि गावात गहजब झाला. शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, चालले, रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कपाने इतके मोठे वादळ उठावे याचे कारण उघड आहे. चहा पाजणे म्हणजे समोरच्याला आपल्या पंक्तीत घेणे, आणि तो पिणे म्हणजे ते मान्य करणे. चहाची ही ताकद पुण्याच्या कर्मठांनी अचूक ओळखली होती. आज कोणाच्याही ओट्यावर कोणीही बसून चहा घ्यावा इतकी मोकळीक जिथे जिथे आली आहे, तिथे ती अशा अनेक भांडणांतून आली आहे. जिथे आजही एखाद्यासाठी कप वेगळा काढला जातो, तिथे हे भांडण संपलेले नाही.

1903 मध्ये सरकारने चहाच्या निर्यातीवर कर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू केला. 1930 च्या दशकातल्या मंदीत परदेशी गिऱ्हाईक आटले तेव्हा मळेवाले देशी गिऱ्हाइकाकडे वळले, आणि 1937 मध्ये बाजारपेठ वाढवण्यासाठी खास मंडळच नेमले गेले. स्टेशनांवर चहा कसा करावा याच्या पत्र्याच्या पाट्या लागल्या, गावोगाव फुकट कप वाटले गेले. त्याच सुमारास, वऱ्हाडाला लागूनच, 1936 पासून सेवाग्रामात राहणारे गांधीजी चहाला विरोध करीत होते. 1942 मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात आरोग्यावर लिहिताना त्यांनी चीनच्या चहाला मात्र न्याय दिला. तिथले पाणी उकळूनच प्यावे लागे, आणि ते उकळले की नाही याची खूण चहाच्या रंगावरून पटे, असे त्यांनी म्हटले. विरोध करतानाही मूळ रीतीतले शहाणपण त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

शेवटचा बदल यंत्राने घडवला. 1930 च्या सुमारास आसामात पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे बारीक दाणे करणारे यंत्र निघाले. स्वातंत्र्यानंतर हाच दाणेदार चहा पसरला, कारण चिमूटभर चहात भरपूर रंग उतरतो आणि तो दूध-साखरेला पुरून उरतो. वऱ्हाडच्या स्वयंपाकघरात तो गंजात उकळतो. हिवाळ्यात त्यात अद्रक ठेचून पडते, दूध वर येईपर्यंत गृहिणी हलत नाही, मग गाळणीतून कपात. चिनी कपाला कान नव्हता, तो युरोपने लावला. बशीत ओतून, फुंकर घालून पिण्याची सोय आपल्याकडेही रुजली. जिनिंगच्या हंगामात गाडीवान जिथे थांबतो, सोयरिकीची बोलणी जिथे चालतात, तिथे तबक फिरते आणि घरातल्या लहानमोठ्या सर्वांच्या हाती एकेक कप येतो. द क्रूझने पाहिलेल्या घरातही असेच, माणसागणिक भांडे मांडलेले असे.

चहा ही इंग्रजांनी लावलेली सवय, असे आपल्याकडे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. पान चीनचे आणि आसामचे, यजमानाची रीत चीनची. जाहिरात आणि यंत्र साहेबांचे. मसाला सुरतेच्या वाण्यांचा, अद्रक आणि गंजातली उकळी आपली. आणि या व्यापाराचा भार ज्यांनी उचलला त्यांत वऱ्हाडचा कापूस पिकवणारा आहे. भाव पडलेल्या वर्षीही तो दारात आलेल्याला चहाशिवाय जाऊ देत नाही. चहाच्या इतिहासात त्याचे नाव आले तर शेवटी, गिऱ्हाइकांच्या यादीत येते. ते खूप आधी, चहाचे मोल फेडणाऱ्यांच्या यादीत लिहायला हवे.