जोंगा : लष्करानंतरचे आयुष्य

निसान पॅट्रोल या जपानी गाडीच्या आराखड्यावरून जबलपूरच्या वाहन कारखान्यात लष्करासाठी बनवल्या जाणाऱ्या ‘जोंगा’चे उत्पादन १९९९मध्ये थांबले, तथापि लिलावांतून नागरी हातांत आलेल्या गाड्यांमुळे तिच्या पुनर्बांधणीचा व्यवसाय टिकून राहिला. सुमारे चार लिटर क्षमतेचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन खाजगी मालकाला इंधनखर्चामुळे जड जात असल्याने त्याजागी अनेकदा डिझेल इंजिन बसवले जाई. मात्र ते ट्रान्सफर केसशी, म्हणजे पुढच्या-मागच्या दोन्ही आसांकडे शक्ती वाटणाऱ्या पेटीशी, जुळवण्यातच कारागिराचे खरे कसब होते (उंच पाटे आणि रुंद टायर बसवणे त्या मानाने सोपेच). अशा इंजिनबदलासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणी प्राधिकरणाची परवानगी आवश्यक असते.