हंटर आणि छडी : फियरलेस नादिया व भारतीय साहसपटातील वीरांगना

१

भारतीय चित्रपटातील नायिकेचा विचार आजवर बहुतांशी सामाजिक चित्रपटाच्या अंगाने झाला आहे. सोसणारी, प्रश्न विचारणारी, प्रसंगी बंड करणारी नायिका समीक्षेला जवळची वाटली. घोड्यावर मांड ठोकून खलपुरुषांना झोडपणारी नायिका मात्र तिने करमणुकीच्या खात्यात टाकली. या वर्गीकरणामागे वाङ्मयप्रकारांच्या श्रेष्ठकनिष्ठतेची एक कल्पना आहे. कादंबरीच्या इतिहासात रहस्यकथेची आणि अद्भुतकथेची जी उपेक्षा झाली, तीच चित्रपटाच्या इतिहासात साहसपटाच्या, म्हणजेच रूढ भाषेतील ‘स्टंटपटा’च्या वाट्याला आली. प्रस्तुत निबंधात वाडिया मूव्हीटोनच्या ‘हंटरवाली’ (१९३५) या बोलपटाच्या आणि त्याची नायिका नादिया हिच्या निमित्ताने या उपेक्षेचा पुनर्विचार केला आहे. साहसी नायिका भारतीय पडद्यावर कोठून आली, तिला कोणती मोकळीक मिळाली आणि त्या मोकळिकीची किंमत कोणती होती, हे येथील मुख्य प्रश्न होत.

२

नादियाचे मूळ नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. तिचा जन्म ८ जानेवारी १९०८ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला. वडील ब्रिटिश सैन्यात, आई ग्रीक वंशाची. बालपणीच ती मुंबईस आली. पहिल्या महायुद्धात वडील मारले गेले. पुढे काही वर्षे ती पेशावरकडे राहिली आणि घोडदौडीची सवय तिला तेथे जडली. १९२८ च्या सुमारास मुंबईस परतल्यावर तिने मादाम अ‍ॅस्ट्रोव्हा यांच्या नृत्यपथकात आणि नंतर सर्कशीत काम केले. चित्रपटात येण्यापूर्वीच तिचे शरीर अशा रीतीने एका व्यवसायाचे साधन म्हणून घडलेले होते, ही बाब महत्त्वाची आहे. अभिनयाची वा संगीताची तालीम घेऊन आलेल्या समकालीन नायिकांहून तिची पूर्वतयारी निराळी होती.

जे. बी. एच. वाडिया आणि त्यांचे धाकटे बंधू होमी यांनी १९३३ मध्ये वाडिया मूव्हीटोनची स्थापना केली. जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध असलेल्या पारशी घराण्याचे हे वंशज. त्यांच्या पूर्वजांच्या नावाची परळ येथील ‘लवजी कॅसल’ ही वास्तूच त्यांचा स्टुडिओ झाली. थोरले बंधू साहित्याचे पदवीधर, पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे वळलेले. धाकटे बंधू तंत्रात रमणारे. ‘देश दीपक’ आणि ‘नूर-ए-यमन’ (दोन्ही १९३५) या बोलपटांतील छोट्या भूमिकांनंतर त्यांनी नादियावर ‘हंटरवाली’ची संपूर्ण धुरा टाकली. दिग्दर्शन होमी वाडिया यांचे होते. दुष्ट प्रधानाने राजास कैद केल्यावर राजकन्या माधुरी मुखवटा धारण करते, हाती हंटर घेते आणि गांजलेल्या प्रजेची कैवारी होते, असे त्याचे कथासूत्र. मुंबईत ग्रँट रोडवरील सुपर सिनेमात हा बोलपट लागला आणि पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. हंटरवालीच्या नावाने चाबूक आणि पट्टे यांसारख्या वस्तूही बाजारात आल्या.

यानंतर ‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६), ‘लुटारू ललना’ (१९३८), ‘पंजाब मेल’ (१९३९), ‘डायमंड क्वीन’ (१९४०), ‘बंबईवाली’ (१९४१), ‘जंगल प्रिन्सेस’ (१९४२) अशी मालिकाच सुरू झाली. धावत्या आगगाडीच्या टपावरील मारामारी असो की सिंहांसोबतचे प्रसंग असोत, ही कामे नादिया स्वतः करीत असे. ‘फियरलेस’ हे बिरुद तिला यामुळेच चिकटले.

३

ही नायिका एकाएकी अवतरली नाही. तिच्या घडणीत निदान तीन प्रवाह मिसळलेले दिसतात.

पहिला प्रवाह अमेरिकी मालिकापटांचा. ‘द पेरिल्स ऑफ पॉलीन’ (१९१४) मधील पर्ल व्हाइट आणि ‘द मार्क ऑफ झोरो’ (१९२०) मधील डग्लस फेअरबँक्स यांची लोकप्रियता भारतातही मोठी होती. टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या सिनेमॅटोग्राफ समितीपुढे अमेरिकी साहसपटांच्या या आकर्षणाची चर्चा झाली होती. मुखवटा, दुहेरी ओळख आणि हातातील शस्त्राची खूण ही सामग्री ‘हंटरवाली’ने येथून उचलली, यात शंका नाही. मात्र झोरो पुरुष आहे आणि पॉलीन बहुधा संकटात सापडणारी स्त्री आहे. झोरोचे कर्तृत्व आणि पॉलीनचे स्त्रीत्व यांची सांगड घालणारी नायिका हवी असेल तर तिची मुळे अन्यत्रही शोधावी लागतात.

दुसरा प्रवाह दास्तान आणि ऐयारी यांचा. उर्दू दास्तानांत, विशेषतः ‘तिलिस्म-ए-होशरुबा’त, वेषांतर करणाऱ्या, शत्रूला चकवणाऱ्या स्त्री-ऐयार आहेत. देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ या हिंदी कादंबरीतील चपला ही त्याच कुळातली. ही परंपरा पारशी रंगभूमीमार्फत बोलपटात उतरली. वाडिया मूव्हीटोनच्या ‘लाल-ए-यमन’ (१९३३) या पहिल्या बोलपटाशी पारशी रंगभूमीचे नाटककार जोसेफ डेव्हिड यांचा संबंध होता, हे येथे लक्षात घ्यावे. पुढे १९९४ मध्ये ‘चंद्रकांता’ दूरदर्शनवर आली, तेव्हा ऐयारीचा हा धागा छोट्या पडद्यापर्यंत पोहोचला.

तिसरा प्रवाह वीरांगनेचा. भाषाभाषांतून तो निरनिराळ्या वाङ्मयप्रकारांत प्रकटला. बंगालीत बंकिमचंद्रांनी ‘आनंदमठ’मध्ये (१८८२) पुरुषवेषातील शांती उभी केली आणि ‘देवी चौधुराणी’त (१८८४) दरोडेखोरांची राणी. मराठीत झाशीची राणी प्रथम आली ती दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांच्या चरित्रातून (१८९४) आणि त्यानंतर विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मधून (१९०७), म्हणजे चरित्र आणि प्रत्यक्षदर्शी वृत्तांत यांच्या रूपाने. हिंदीत ती सुभद्राकुमारी चौहान यांच्या कवितेमुळे घरोघरी पोहोचली आणि वृंदावनलाल वर्मा यांनी तिला कादंबरीत आणले (१९४६). बंगालीत कल्पित, मराठीत ऐतिहासिक आणि हिंदीत गेय असे वीरांगनेचे हे रूपभेद तौलनिक अभ्यासाला खुणावणारे आहेत. बोलपटाने मात्र या भाषिक सीमा ओलांडणारी वीरांगना शोधली. नादियाचे हिंदुस्थानी भाषेवरील प्रभुत्व बेताचेच होते. तिच्या कथांचा भार संवादापेक्षा कृतीवर होता. बोलपट भाषावार बाजारपेठांत विभागला जात असताना साहसपटाने मूकपटाची ही सर्वभाषिकता काही अंशी टिकवून धरली.

४

या प्रवाहांच्या संगमावर एक विसंगती ठळकपणे उभी राहते. परकीय सत्तेखालील प्रजेने सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची गोरी स्त्री आपली कैवारी म्हणून कशी स्वीकारली?

नादियापूर्वीच्या अभिनेत्रींनी या प्रश्नाचे उत्तर नामांतराने दिले होते. बगदादी ज्यू कुटुंबातील रूबी मायर्स सुलोचना झाली, रेने स्मिथ सीतादेवी झाली. सुलोचनेने ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (१९२७) या मूकपटात आठ रूपे घेऊन साहसी नायिकेची वाट आधीच काही अंतर चालून दाखवली होती. नादियालाही ‘नंदादेवी’ हे नाव आणि काळी वेणी सुचवण्यात आली होती. तिने दोन्ही नाकारली. परिणामी तिचे परकेपण झाकले गेले नाही. ते तिच्या पडद्यावरील व्यक्तिमत्त्वाचा उघड भाग झाले. ती ‘बंबईवाली’ होती, आणि तेवढी ओळख प्रेक्षकांना पुरेशी झाली. मुंबईसारख्या बहुवंशीय नगरात ‘आपले’ या शब्दाची व्याप्ती जन्मापेक्षा वर्तनाने ठरू शकते, असा एक अर्थ त्यातून निघतो.

दुसरा अर्थ तितका सुखद नाही. कुलीन भारतीय स्त्रीने पडद्यावर यावे की नाही, हा वाद त्या काळी जोरात होता. ‘अयोध्येचा राजा’मध्ये (१९३२) दुर्गाबाई खोटे आल्या तेव्हा त्यांच्या घराण्याचा आवर्जून उल्लेख झाला. तोकड्या पोशाखात व्यायाम करणे, पुरुषांना खांद्यावर उचलून फेकणे, ही मोकळीक अशा नायिकेला मिळणे अवघड होते. नादियाला ती मिळाली याचे एक कारण तिची बंडखोरी असले, तरी दुसरे कारण तिच्यावर कुलीनतेच्या अपेक्षांचे ओझे नव्हते हे आहे. तिचे स्वातंत्र्य ज्या परकेपणातून आले, त्याच परकेपणाने ते स्वातंत्र्य भारतीय स्त्रीसाठी अनुकरणीय ठरण्यावर मर्यादाही घातली. तिचे कौतुक करणाऱ्या अभ्यासकाने ही दुसरी बाजू विसरता कामा नये.

तथापि या चित्रपटांतील आशय केवळ उसन्या चमत्कृतींचा नव्हता. ब्रिटिश सेन्सॉरच्या अमलात राज्यकर्त्यांवर थेट टीका शक्य नसल्याने जुलमी प्रधान आणि बंदिवान राजा हे रूपक कामी येई. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये पित्यावरील खुनाचा खोटा आळ दूर करण्यासाठी झटणारी नायिका सविता ही राजकन्या नसून आधुनिक नागरी तरुणी आहे. मुंबई-पेशावर धावणारी फ्रंटियर मेल ही गाडी १९२८ मध्ये सुरू झालेली. म्हणजे नायिकेच्या नावात वेगाचे अगदी ताजे प्रतीक गुंफलेले होते. ‘डायमंड क्वीन’मध्ये तर साक्षरता आणि स्त्रीस्वातंत्र्य यांचा पुरस्कार उघडपणे येतो. जे. बी. एच. वाडिया यांची राजकीय जाण येथे दिसते.

५

मराठी अभ्यासकाला याच काळातील दोन चित्रपटांची आठवण होणे अपरिहार्य आहे. प्रभातच्या ‘अमर ज्योती’त (१९३६) दुर्गाबाई खोटे यांनी रंगवलेली सौदामिनी, मुलाचा ताबा नाकारला गेल्याने समुद्रचाच्यांची राणी होते. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेल्या ‘कुंकू’त (१९३७) शांता आपटे यांची नीरा वृद्ध पतीशी झालेला विवाह मनाने स्वीकारीत नाही आणि लंपट सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. दोन्हींचे दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे.

परळचा हंटर आणि पुण्याची छडी यांत काळाचे अंतर जेमतेम दोन वर्षांचे आहे. प्रभावाचा दावा करण्यास पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही. साम्य आणि भेद पुरेसे बोलके आहेत. दोन्हीकडे शिक्षेचे साधन स्त्रीच्या हाती आहे. परंतु नीरेची छडी घराच्या चार भिंतींत, नात्याच्या चौकटीत उगारली जाते. तिच्या प्रत्येक फटक्याला कायद्याचे आणि रूढीचे उत्तर आहे. हंटरवालीचा हंटर रस्त्यावर, रानात, आगगाडीच्या टपावर चालतो. त्याला उत्तर नसते. नीरेच्या कृतीत सत्य अधिक आहे, हंटरवालीच्या कृतीत अवकाश अधिक आहे. मराठी समीक्षेने पहिल्याचा यथोचित गौरव केला. दुसऱ्याकडे तिने पाहिले नाही, कारण वास्तवाचा निकष लावल्यावर स्वप्नाला गुण मिळत नाहीत. पण ग्रँट रोडच्या चित्रपटगृहात ते स्वप्न पंचवीस आठवडे पाहिले जात होते, ही गोष्टही वास्तवच आहे.

शेवटाच्या बाबतीत भेद आणखी स्पष्ट होतो. बंकिमचंद्रांची देवी चौधुराणी सारे वैभव सोडून सासरी परतते आणि घाटावर भांडी घासते. वीरांगनेचे कर्तृत्व गृहधर्मात विलीन होते. झाशीची राणी रणांगणावर देह ठेवते. परतणे किंवा मरणे, असे दोनच मार्ग वाङ्मयाने वीरांगनेपुढे ठेवले होते. नादियाच्या नायिकेने तिसरा मार्ग काढला: ती पुढच्या चित्रपटात पुन्हा येते. कथेच्या अंती विवाह होवो वा न होवो, प्रेक्षकाला ती पुन्हा घोड्यावर दिसणार असते. १९४३ च्या ‘हंटरवाली की बेटी’ या चित्रपटाचे शीर्षकही अर्थपूर्ण आहे. पराक्रमाचा वारसा पित्याकडून पुत्राकडे जाण्याची सांकेतिक रीत मोडून तो येथे आईकडून मुलीकडे आला. गल्लाभरू पुनरावृत्ती म्हणून ज्या मालिकाधर्माला हिणवले जाते, त्याने वीरांगनेला दीर्घायुष्य दिले.

६

१९४२ मध्ये वाडिया बंधूंचे मार्ग वेगळे झाले. होमी वाडिया यांनी बसंत पिक्चर्सची स्थापना केली आणि नादिया त्यांच्यासोबत गेली. त्याच वर्षी परळचा स्टुडिओ व्ही. शांताराम यांच्याकडे आला आणि तेथे राजकमल कलामंदिर उभे राहिले. ज्या जागेत हंटरवाली घडली, तेथेच ‘कुंकू’च्या दिग्दर्शकाने आपला संसार थाटला. दोन परंपरा समीक्षेत जितक्या दूर आहेत, तितक्या त्या इतिहासात दूर नव्हत्या.

नादिया पुढेही काम करीत राहिली. ‘खिलाडी’ (१९६८) हा तिच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक. १९६१ मध्ये तिने होमी वाडिया यांच्याशी विवाह केला. स्वातंत्र्योत्तर काळात नायिकेचा आदर्श सोसणाऱ्या मातेकडे झुकला आणि साहसी नायिका दुय्यम निर्मितीच्या कक्षेत ढकलली गेली. तिचे पुनर्स्मरण घडले ते वाडिया घराण्यातीलच रियाद विंची वाडिया यांच्या ‘फियरलेस : द हंटरवाली स्टोरी’ (१९९३) या माहितीपटामुळे. ९ जानेवारी १९९६ रोजी मुंबईत तिचे निधन झाले. त्यानंतर डोरोथी वेनर यांचे चरित्र आणि रोझी थॉमस यांचे संशोधन यांमुळे तिला अभ्यासविषयाची प्रतिष्ठा लाभली. विशाल भारद्वाज यांच्या ‘रंगून’मधील (२०१७) नायिकेवरही तिची छाया पडलेली आहे.

हे पुनर्स्मरण घडवणाऱ्यांत मराठी अभ्यासकांचा वाटा अल्प आहे, ही खंतावण्याजोगी बाब होय. मूकपटांच्या काळात भारतात सुमारे १३०० चित्रपट निर्माण झाले आणि त्यांतील अत्यल्प शिल्लक राहिले. मूकपटातील साहसी नायिकांची कामे त्यामुळे कायमची हरवली; ललिता पवार यांच्यासारख्या अभिनेत्रीने ‘दिलेर जिगर’सारख्या (१९३१) साहसपटात काम केले होते, हे ‘खाष्ट सासू’च्या प्रतिमेपुढे आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. उपेक्षित वाङ्मयप्रकाराची सामग्री प्रथम नष्ट होते. आणि सामग्री नष्ट झाली की उपेक्षा योग्यच होती असे वाटू लागते. तौलनिक साहित्याभ्यासाने हे चक्र भेदायचे असेल, तर वीरांगनेचा इतिहास चरित्र, कादंबरी आणि कविता यांच्यापाशी थांबवून चालणार नाही. आगगाडीच्या टपावर उभ्या असलेल्या त्या स्त्रीलाही त्यात स्थान द्यावे लागेल.