साळखात्याचे दार

आपल्या भंडारा जिल्ह्यात कोष्ट्यांप्रमाणे महारही पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर बसत. त्यांनी विणलेले जाडेभरडे कापड शेतकऱ्याच्या अंगावर दिसे. पण मुंबईच्या गिरण्यांत त्याच जातीच्या माणसाला साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पाऊल टाकण्याची बंदी होती! त्याला सूतखात्यातले काम मिळे. साळखात्यातली चांगली रोजी मात्र नाही.

कारण मोठे चमत्कारिक आहे. धोट्यातली कांडी संपली, की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाई, आणि तेथे विटाळ आडवा येई. रोगाची बाधा त्याच वाटेने पसरू शकते. पण तिची धास्ती कोणाला नव्हती.

ही बंदी केवळ मालकांची असती, तर गोष्ट सोपी होती. दार अडवून उभे होते ते शेजारच्या साच्यावरचे सवर्ण कामगारच. १९२८ साली मुंबईत सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला. पुढारी साम्यवादी, समतेचे कैवारी. तरी मागण्यांच्या यादीत ही मागणी नव्हती. डॉ. आंबेडकरांनी ती घालावयास लावली, तेव्हा कोठे ती नाखुषीने आली. एवढ्याने दार उघडले नाही, हे सांगावयास नकोच.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. आंबेडकरांनी तेथे रेल्वेचाही हिशेब मांडला. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. कारखान्यात कारागीर म्हणून तो क्वचितच दिसतो. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे त्यांनी बजावले. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, समतेला नकार देणारी वृत्ती, असा खुलासाही केला. ती वृत्ती कामगारांतही आहे, हे त्यांचे म्हणणे पुष्कळांना झोंबले असावे.

हे आपल्याकडेच घडले असे मात्र नाही. अमेरिकेत यंत्रकारांच्या मोठ्या संघटनेत सभासदाने गोऱ्या माणसाचेच नाव सुचवावे, असा दंडक १९४८ पर्यंत होता.

मनमाडनंतर सोळा वर्षांनी, १९५४ मध्ये, आंबेडकर आपल्याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता हे कामगार पुढारी निवडून आले. राखीव जागेवर आंबेडकर पडले.