घडीचा स्मार्टफोन

घडीचा स्मार्टफोन किंवा फोल्डेबल फोन म्हणजे लवचीक पडदा आणि बिजागरी यांच्या साहाय्याने मिटता-उघडता येणारा स्मार्टफोन होय. त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एक पुस्तकासारखा उघडून छोट्या टॅबलेटएवढा होतो, तर दुसरा आडवा दुमडून मुठीत मावतो. चीनमधील रोयोल या कंपनीचा फ्लेक्सपाय (२०१८) हा या प्रकारातील विक्रीस आलेला पहिला फोन मानला जातो. मात्र असे उपकरण रोजच्या वापरात टिकेल का, हा प्रश्न ऐरणीवर आला तो सॅमसंगच्या गॅलेक्सी फोल्डमुळे.

गॅलेक्सी फोल्डचा अनुभव

१,९८० डॉलर किमतीचा हा फोन २० फेब्रुवारी २०१९ रोजी सादर झाला. अमेरिकेत त्याची विक्री २६ एप्रिलला सुरू होणार होती. त्यापूर्वी परीक्षणासाठी पत्रकारांना दिलेल्या काही फोनांचे पडदे अल्पावधीतच बिघडले. पडद्यावरील प्लॅस्टिकचा थर हा नव्या फोनवर असतो तसा तात्पुरता पापुद्रा समजून काहींनी सोलून काढला. वास्तविक तो पडद्याचाच भाग होता. अन्य एका फोनात बिजागरीच्या फटीतून शिरलेल्या कणामुळे पडद्याला फुगवटा आला. विक्री लांबणीवर पडली. वरचा थर चौकटीखालपर्यंत वाढवून आणि बिजागरीच्या टोकांना टोप्या बसवून फोन सप्टेंबरमध्ये बाजारात आला. भारतात तो ऑक्टोबरमध्ये १,६४,९९९ रुपयांना उपलब्ध झाला.

हा फोन २,००,००० वेळा मिटता येतो, असा कंपनीचा दावा होता. रोज १०० वेळा मिटल्यास हा आकडा गाठण्यास सुमारे साडेपाच वर्षे लागतात. परंतु एप्रिलमधील बिघाडांचा घड्यांच्या संख्येशी फारसा संबंध नव्हता. खरा प्रश्न पडद्याच्या पृष्ठभागाचा आणि धुळीचा होता.

धूळ आणि पाणी

२०२० च्या गॅलेक्सी झेड फ्लिपमध्ये अतिपातळ काच वापरली गेली. तिच्यावरही प्लॅस्टिकचा थर असतोच. गॅलेक्सी झेड फोल्ड ३ (२०२१) ला आयपीएक्स८ हे जलरोधक मानांकन मिळाले, पण त्यातील ‘एक्स’चा अर्थ धुळीबाबत मानांकन नाही, असा होतो. झेड फोल्ड ७ (२०२५) चे आयपी४८ मानांकन एक मिलिमीटरहून मोठ्या कणांपुरतेच आहे, म्हणजे बारीक धूळ व वाळू त्यात मोडत नाही. त्याच वर्षीच्या गूगल पिक्सेल १० प्रो फोल्डला मात्र आयपी६८ हे पूर्ण धूळरोधक मानांकन आहे.

वापरातील सोय

मूळ फोल्डचे वजन २६० ग्रॅमहून अधिक होते. झेड फोल्ड ७ चे २१५ ग्रॅम आहे, म्हणजे न दुमडणाऱ्या गॅलेक्सी एस२५ अल्ट्राहूनही कमी. बॅटरी मात्र लहान आहे: ५,००० ऐवजी ४,४०० मिलिअँपिअर-तास. आतील पडदा जवळपास चौरस असल्याने चित्रपट पाहताना वर-खाली काळे पट्टे राहतात. दस्तऐवज वाचणे किंवा दोन अ‍ॅप शेजारी-शेजारी उघडणे यांसाठी तोच आकार सोयीचा ठरतो. मूळ फोल्डच्या ४.६ इंची अरुंद बाह्य पडद्यावर टंकलेखन अवघड होते. आता तो ६.५ इंची झाल्यामुळे बरीचशी कामे फोन न उघडताच होतात.